दंडावरची गोम

गोम बसवताना दुखत नाही, असं नर्स म्हणाली आणि ते खरंच निघालं. बोटाएवढी लांब, चपटी, रबरासारखी वाकणारी पट्टी. खालच्या अंगाला केसाहून बारीक सुयांच्या दोन रांगा. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, पण पहिल्यांदा पाहणाऱ्या कुणीतरी तिला गोम म्हटलं असणार आणि तेच नाव राज्यभर चिकटलं. नर्सने जयमाला कोळेकरच्या डाव्या दंडाला मागून स्पिरिट लावलं, पट्टी दाबून धरली आणि सोडली. पट्टीच्या टोकाला बारीक हिरवा दिवा लागला.

"झालं?"

"झालं. आता दोन आठवडे ही इथंच. अंघोळ केली तरी चालेल. रोज सकाळी येऊन औषधाची कुपी तेवढी बदलून घ्यायची."

जयमालाच्या पायाशी रेक्झिनची पिशवी होती. तिच्यात दोन गाऊन, टॉवेल, चार्जर आणि तांब्या. आदल्या दिवशी भर उन्हात, खरसुळी ते हुन्नाळ बस चालवताना, तिला अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. हात इतके थरथरले की स्टिअरिंगनेच ते ओळखलं आणि बॅटरीवरची ती गाडी आपणहून वेग कमी करत कडेला जाऊन उभी राहिली. कंडक्टर हैदर मुलाणींनी तिला मागून येणाऱ्या जीपमध्ये घालून खरसुळीच्या दवाखान्यात आणलं. रात्री नवऱ्याने पिशवी भरून दिली. दाखल व्हायचं म्हणून.

"मग खाट कुठली?" तिने विचारलं.

डॉक्टर मिताली शेंडगे समोरच बसल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, "दाखल नाही व्हायचं. तेवढ्यासाठीच तर गोम आहे."

मग त्यांनी कागदावर घेवड्याच्या बियांसारखी दोन मूत्रपिंडं काढली आणि समजावून सांगितलं. लघवीच्या मार्गात जंतू शिरणं ही बायकांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट. साध्या जागी शिरले तर गोळ्यांनी जातात. पण जयमालाच्या डाव्या मूत्रपिंडात खडा होता. वाहत्या पाण्यात दगड असला की त्याच्या आडोशाला शेवाळ धरतं, तसे जंतू खड्याच्या आडोशाला घर करून बसले होते. अशा संसर्गाला डॉक्टर गुंतागुंतीचा म्हणतात. शिवाय हे जंतू जुन्या औषधांना सरावलेले. यंत्राने त्यांची जनुकं वाचली तेव्हा कळलं की बाजारातली एकही गोळी त्यांना लागू पडणार नाही. उरली होती दोन इंजेक्शनं.

"पहिलं हे, गोमेतलं. ते राखीव यादीतलं आहे. सरकार मोजून देतं. पूर्वी हे शिरेतून द्यावं लागायचं, दिवसातून तीनदा, म्हणजे दवाखान्यात झोपून राहायचं. आता गोम ते कातडीखाली थेंबाथेंबाने सोडते आणि रक्तात किती पोचलं तेही बघते. कमी वाटलं की वाढवते, जास्त वाटलं की कमी करते."

"आणि दुसरं?"

"दुसरं मूत्रपिंडालाच त्रास देतं. तुमचं डावं आधीच थकलंय. ते मला द्यायचं नाहीये." डॉक्टरांनी डावी बी पेनाने गिरवली. "म्हणून हे पहिलं पूर्ण झालं पाहिजे. अर्धवट औषध पोचलं तर जंतू मरत नाहीत, शिकतात. राखीव औषधावर शिकलेला जंतू गावभर झाला तर कुणालाच काही उरणार नाही. त्यामुळे नियम कडक आहे. रक्तातली पातळी मोठ्या फरकाने दोनदा पडली की औषध बंद. ते माझ्याही हातात नसतं. जंतू गेले तर आपण खडा फोडू, मूत्रपिंड वाचेल. जंतू असताना खडा फोडता येत नाही."

छपाईयंत्राने आपोआप एक कागद बाहेर टाकला. त्याची दुसरी प्रत त्याच क्षणी आगाराला गेली होती. त्यावर लिहिलं होतं: उपचार सुरू. कामास योग्य.

जयमालाने तो दोनदा वाचला आणि पिशवी उचलली.

*

गोम आल्यापासून आजारपणाची व्याख्या बदलली होती. दोन वर्षांपूर्वी आगारातल्या सुनंदाला असाच ताप आला, तेव्हा ती दवाखान्यात पडून होती. बायका टिफिन घेऊन जायच्या, कुणी केळी न्यायचं, सासूसुद्धा शहाळं घेऊन आली होती. जयमालाला मात्र कुणी विचारलं नाही. गणवेशाच्या बाहीखाली गोम दिसत नव्हती, आणि जी बाई सकाळी गाडी घेऊन निघते ती आजारी कशी?

घरीही तेच. नवरा अंकुश शेतीपंप दुरुस्त करायचा, माणूस वाईट नव्हता. पण संध्याकाळी ती ओट्याशी कंबर धरून उभी राहिली, तर म्हणाला, "अगं, आता तर औषध चालूच आहे ना आपोआप?"

"औषध चालू आहे. मी बंद पडलेय."

तो हसला. मग हसण्यासारखं नव्हतं हे लक्षात येऊन त्याने परात ओढली आणि पीठ मळायला बसला. त्याच्या भाकरीला कडा नव्हत्या, पण जयमालाने तक्रार केली नाही. भाकरीच्या आधी तिने तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. मग आणखी एक. झोपायच्या आधी अजून एक.

"एवढं पाणी?" अंकुश म्हणाला.

"डॉक्टरीण म्हणाली, दिवसाला तीन लिटर. पुरं करतेय."

*

खरसुळी ते हुन्नाळ हा रस्ता माणदेशातला. दोन्ही बाजूंना उघडी माळरानं, मधूनच एखादी बाभूळ, तीही खाली माणूस बसला तर डोकं दिसेल एवढी विरळ. जायला तीन तास, यायला तीन. हुन्नाळच्या स्टँडवर बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि आत कुणाचे तरी कांदे होते. पुरुषांची भिंत ठरलेली होती.

या रस्त्यावर येणारी प्रत्येक बाई ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकायची. ती कुणी कुणाला शिकवत नसे. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही. तोंड फारच कोरडं पडलं तर चूळ भरायची आणि खिडकीतून टाकायची. चहा नको. पाणी प्यायचं ते घरी पोचल्यावर. जयमालाने अकरा वर्षं असं काढलं होतं. इतकी वर्षं की ही काही वेगळी गोष्ट आहे, कुणाला सांगायची गोष्ट आहे, असं तिला वाटतच नव्हतं.

चौथ्या दिवशी घरी परतल्यावर गोमेचा दिवा पिवळा झाला. काही वेळाने डॉक्टरांचा फोन आला.

"जयमालाताई, गोम काढून ठेवता का तुम्ही?"

"न्हाई हो म्याडम. ती निघतीय कुठं."

"मग ऊन लागून सैल पडते का? ती मला पातळीची जी रेघ पाठवते, ती विचित्र येतेय. दिवसभर गोम जवळजवळ गप्प बसते, आणि संध्याकाळी पातळी एकदम खाली. आज एवढी पडली की ती नियमात धरली गेली. अजून एकदा पडली तर औषध बंद होईल."

गोम ही शाळेच्या बाईंसारखी आपल्यावर नाराज झालीय आणि कशाबद्दल ते सांगत नाही, असं जयमालाला वाटलं.

"पाणी पिता ना नीट?"

"तीन लिटर. रोज."

हे खरं होतं.

*

दुसऱ्या दिवशी खरसुळी स्टँडवर डॉक्टर शेंडगे गाडीत चढल्या. सुती ओढणी, पाठीवर सॅक आणि हातात पाण्याची मोठी बाटली. ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या सीटवर त्या बसल्या.

"हुन्नाळला कोण आजारी?" मुलाणींनी तिकीट देत विचारलं.

"तुमच्या ताईंची गोम. ती कुठे बिघडते ते बघायचंय. दवाखान्यात बसून कळत नाहीये."

मुलाणी पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, गप्पिष्ट. गोम त्यांना माहीत होती, पण बाईमाणसाचा आजार म्हणून त्यांनी नक्की काय झालंय ते विचारलं नव्हतं. आता ते दाराजवळ उभं राहून डॉक्टरांना सगळा रस्ता सांगायला लागले. डॉक्टर फोनवर रेघ बघत होत्या, मधूनमधून बाटलीतून घोट घेत होत्या. उकाडा भयंकर होता. अर्धी बाटली संपली.

पहिल्या तासात गोम नीट चालू होती. दुसऱ्या तासात तिने औषध कमी करायला सुरुवात केली. डॉक्टरांनी दंडावरची पट्टी दाबून पाहिली. कुठेही सैल नव्हती. त्या विचारात पडल्या. मग त्या वेगळ्याच कारणाने अस्वस्थ झाल्या. पाय बदलून बसल्या. सॅक मांडीवर घेतली. खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

"जयमालाताई," त्या पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "पुढचं बाथरूम कुठे आहे?"

जयमालाने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "दवाखान्यात."

"म्हणजे?"

"तुमच्या दवाखान्यात. खरसुळीला."

"आणि हुन्नाळला?"

"तिथं कांदं हायती."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या सीटशेजारच्या खोबणीत पाहिलं. तिथे मोबाईल होता, पुसायचं फडकं होतं, बडीशेपेची पुडी होती. बाटली नव्हती.

"तुम्ही सकाळपासून किती पाणी प्यायलात?"

"आता? आता कसं पिणार?"

"तीन लिटर म्हणालात."

"संध्याकाळी पिते की. घरी गेल्यावर. सगळं पुरं करते."

ओढणी तोंडावर धरून डॉक्टरांनी डोळे मिटले. जयमालाला वाटलं त्या चिडल्या आहेत. मग लक्षात आलं की त्या स्वतःवर चिडल्या आहेत, आणि शिवाय त्यांना खरोखरच जोराची लागली आहे.

"मुलाणीभाऊ," जयमालाने हाक मारली, "बाभुळफाट्याला घेते जरा."

बाभुळफाट्यावर दूध संकलनाची एक बंद पडलेली खोली होती. छप्पर उडालेलं, पण चार भिंती उभ्या. डॉक्टर धावल्याच. परत आल्या तेव्हा त्यांच्या सलवारीला कुसळं चिकटली होती.

"तुम्हीही जाऊन या," त्या म्हणाल्या.

"मला न्हाई लागली."

"लागणार कशी? पाणी कुठंय आत?"

परतीच्या प्रवासाआधी, हुन्नाळला गाडी रिकामी उभी असताना, डॉक्टरांनी दोघांनाही समजावलं. रक्त गाळून लघवी करायची आणि तिच्याबरोबर औषध जंतूंपर्यंत पोचवायचं, हे काम मूत्रपिंडाचं. पाणी मिळालं नाही की शरीर आहे ते राखून ठेवतं. गाळणं मंदावतं. औषध पुढे सरकत नाही, रक्तातच साठायला लागतं. गोम तेवढंच बघते आणि हात आखडते, कारण जास्त औषध धोक्याचं. संध्याकाळी तांब्यामागून तांबे पोटात गेले की गाळणं एकदम वाढतं, साठलेलं औषध भराभर वाहून जातं आणि गोम जागी होऊन पुन्हा वाढवेपर्यंत रक्तात खड्डा पडतो. तेवढ्या वेळात, दिवसभर साठलेल्या लघवीत आरामात वाढलेले जंतू खड्याच्या आडोशाला आणखी एक थर देतात.

"गोम खराब नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "तिला शिकवलं ते दवाखान्यात खाटेवर झोपलेल्या माणसांवर. त्यांच्या उशाशी पाण्याचा जग असतो आणि दहा पावलांवर बाथरूम. दिवसभर पाणी न पिणारी, पण एकूण तीन लिटर पिणारी बाई तिने कधी पाहिलीच नाही. मीसुद्धा किती ते विचारलं, कधी ते विचारलं नाही."

"मग आता?" जयमालाने विचारलं.

"दर तासाला ग्लासभर पाणी. आणि जाताना एकदा, येताना एकदा, थांबायचं."

मुलाणी मगाचपासून टोपी हातात घेऊन फिरवत होते. "ताई, एक बोलू? रागावू नका. अकरा वर्षं झाली. मी प्रत्येक फेरीला उतरतो, भिंतीकडं जातो, येतो. तुम्ही एकदा उतरला न्हाईत. मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"वाटायचं, तुमाला लागतच न्हाई."

जयमाला हसायला लागली. हसताना कमरेत कळ आली तरी थांबेना. मुलाणी मात्र हसले नाहीत. "घरात बायको हाय, दोन पोरी हायत," ते टोपीकडे बघत म्हणाले. "तरी वाटायचं."

*

अडचण गाडीची होती. ती वाटेत कुठेही थांबली की समोरचा पडदा कारण विचारायचा, आणि ते जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जायचं. बटणं ठरलेली होती: टायर, अपघात, पोलीस, रस्त्यावर जनावर. टायर म्हटलं की दुरुस्तीची गाडी निघायची, अपघात म्हटलं की रुग्णवाहिका. कारण न देता महिन्यात तीन थांबे झाले की ड्रायव्हरला मार्गावरून काढून गाड्या धुवायला लावत.

"जनावर दाबतो," मुलाणी म्हणाले. "जनावर काय, येतं आणि जातं. कोण मोजतंय?"

असं सुरू झालं. बाभुळफाटा आला की मुलाणी जनावराचं बटण दाबायचे, प्रवाशांना "मागचं चाक बघतो जरा" म्हणायचे, काठीने दूधखोलीतलं गवत झोडपून साप नाही याची खात्री करायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. जयमाला जायची आणि यायची. सीटशेजारी आता स्टीलची बाटली होती. पहिल्या दिवशी ती उचलताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. अकरा वर्षांनी स्टिअरिंगवर बसून प्यायलेलं पहिलं पाणी. बाटली तापून पाणी कोमट झालं होतं, तरी ते संपूच नये असं वाटलं.

रेघ सरळ झाली. ताप उतरला. कमरेतला दगड हलका झाल्यासारखा वाटू लागला. डॉक्टरांचा निरोप आला: असंच चालू राहिलं तर दोन आठवडे पुरे होईपर्यंत जंतू साफ.

मग एका सकाळी, खच्चून भरलेली गाडी बाभुळफाट्याजवळ येत असताना, पडद्यातून नियंत्रण कक्षातल्या मुलीचा आवाज सगळ्या गाडीला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने आला.

"खरसुळी-हुन्नाळ, बाभुळफाट्याला रोज दोनदा जनावर नोंदलं जातंय. यंत्रणेने वनविभागाला कळवलंय. बिबट्या आहे का? काळजी घ्या."

गाडीत धडाधड खिडक्या लागल्या.

"बिबट्या?" मागून एक जण ओरडला. "आन् हा मुलाणी रोज चाक बघायला उतरतोय व्हय रं!"

"तरीच काठी घेऊन जातोय!"

दुपारपर्यंत बातमी दोन्ही टोकांना पोचली. बाभुळफाट्याच्या वस्तीवरच्या लोकांनी पोरं शाळेत पाठवली नाहीत. मुलाणींच्या पुतण्यानेच त्यांना फोन करून बिबट्या केवढा होता ते विचारलं. दुसऱ्या दिवशी गाडी फाट्यावर आली तेव्हा दूधखोलीच्या दारात लोखंडी पिंजरा लावलेला होता. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात एक शेळी पाला खात उभी होती आणि बाहेर वनरक्षक खुर्ची टाकून बसला होता.

जयमालाने ब्रेक दाबला. पडद्याने कारण विचारलं. मुलाणींचं बोट बटणापाशी जाऊन थांबलं.

"आता काय दाबू, ताई?"

तिने सकाळपासून तीन ग्लास पाणी प्यायलं होतं. ती कोंडून हुन्नाळपर्यंत जाऊ शकली असती. शरीराला अकरा वर्षांची सवय होती. मग येतानाही कोंडायचं, म्हणजे पाणी प्यायचं नाही, म्हणजे संध्याकाळी दिवा पिवळा. पातळी एकदा पडून झालीच होती; आता पडली की औषध बंद. तिला ती गिरवलेली काळी बी आठवली. आणि पिंजऱ्यातली शेळी. ती बिचारी न आलेल्या बिबट्यासाठी उन्हात उभी होती.

"काय दाबू नका," ती म्हणाली आणि नियंत्रण कक्षाचं बटण स्वतः दाबलं. "म्याडम, खरसुळी-हुन्नाळ बोलतेय. बाभुळफाट्याला जनावर नाही. कधीच नव्हतं."

"मग रोज थांबता कशाला?"

मागे सगळी गाडी कान लावून बसली होती. मुलाणींनी घाईघाईने वळून सांगितलं, "गाडी तापलीय, मंडळी!"

"बॅटरीची गाडी तापती व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

जयमाला सीटवरून उठली. प्रवाशांकडे तोंड करून उभी राहिली. अकरा वर्षांत या लोकांनी तिची पाठच पाहिली होती.

"मला लघवीला जायचं असतं," ती म्हणाली. "म्हणून थांबते. मूत्रपिंडात खडा आहे, इंजेक्शन चालू आहे. पाणी प्यायलं नाही तर इंजेक्शन लागू पडत नाही, आणि पाणी प्यायलं की जावं लागतं. मुलाणीभाऊंचा दोष नाही. दुसरं बटणच नव्हतं."

हशा विरला. पुढच्या सीटवरचा एक माणूस एकदम फोनमध्ये बघायला लागला. कानशिलं तापल्याचं जयमालाला जाणवत होतं. खाली उतरायला पाय उचलत नव्हता.

मधल्या सीटवरून हौसाबाई उठल्या. त्या दर आठवड्याला हुन्नाळच्या बाजाराला शेवग्याच्या शेंगा घेऊन जायच्या. शेंगांची मोळी शेजारणीच्या मांडीवर टाकत त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई व्हय गं? बाजाराच्या दिवशी मी च्यासुदिक घेत न्हाई, गाडीत पंचाईत नको म्हणून. चल, मीबी येते."

मग कॉलेजच्या दोन मुली उठल्या. मग कडेवर मूल असलेली एक. मग अंगणवाडीची बाई. एकेक करत दाराशी रांग लागली. शेवटी गाडीत पुरुष उरले आणि मांडीवर शेंगा घेतलेली ती शेजारीण. तीही "ए, मोळी धरा की कुणीतरी!" असं ओरडून उतरली.

वनरक्षक खुर्चीवरून उठून उभा राहिला. "अहो, पिंजरा आहे इथं!"

"मग उचल की," हौसाबाई म्हणाल्या. "आन् ती शेळी सोड आधी. उन्हात मारतोस तिला."

मुलाणींनी पिंजऱ्याचं एक टोक धरलं, वनरक्षकाने दुसरं. गाडीतून दोन पुरुष न सांगता उतरले आणि हात लावायला आले.

जयमाला परत आली तेव्हा पडदा अजून चालू होता.

"ताई," मुलीचा आवाज आता हळू होता. "मी ऐकलं सगळं. थांबा वाढवायचा मला अधिकार नाही. साहेबांना विचारावं लागेल. ते काय म्हणतील माहीत नाही."

"बरं."

"तोवर मी जनावरच ठेवते. वनविभागाला कळवणं तेवढं बंद करते." मग ती म्हणाली, "आमच्या मजल्यावर पण जेंट्सचंच आहे. मी दोन जिने उतरून जाते."

*

साहेबांनी तीन आठवडे लावले. तोवर गोम निघाली होती. लघवीत एकही जंतू सापडला नाही. खडा फोडण्यासाठी जयमाला अखेर दवाखान्यात दाखल झाली. पिशवी तीच, तांब्या तोच. अंकुश उशाशी बसून सफरचंद कापत होता, साली जाड काढत होता. मुलाणी केळी घेऊन आले आणि उभ्या उभ्या म्हणाले की बाभुळफाट्याच्या खोलीला छप्पर पडलंय, कडी आतून आहे आणि वेळापत्रकात थांबा छापून आलाय.

"आणि हुन्नाळचे कांदे?"

"हौसाबाई भांडतायत. कांद्याचं काय खरं न्हाई आता."

पलीकडच्या खुर्चीत बसलेल्या एका बाईला नर्स नवीन गोम बसवत होती. बाई वीटभट्टीवर कामाला होती, पदराने सारखं तोंड पुसत होती. गोम लावून झाल्यावर नर्स फोनवरचे प्रश्न वाचायला लागली. वय. वजन. मधुमेह. मग एक नवीन प्रश्न आला. डॉक्टर शेंडगेंनी गोम बनवणाऱ्यांना बाभुळफाट्याची रेघ पाठवली होती, त्यानंतरच्या गोमेत तो घातला गेला होता.

"दिवसभर जिथं असता, तिथं पाणी पिऊन बाथरूमला जायची सोय आहे का?"

"आहे आहे," बाई पटकन म्हणाली, आणि खाली बघितलं.

"खरं सांग, बाई," जयमाला खाटेवरून म्हणाली. "हिला खोटं चालत नाही. संध्याकाळी दिवा पिवळा करते."

बाईने दाराकडे पाहिलं. दारात बहुतेक तिचा मुकादम उभा होता. मग तिने जयमालाकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

नर्सने बटण दाबलं. छपाईयंत्राने कागद बाहेर टाकला. बाईने तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि जयमालाकडे धरला. "काय लिवलंय?"

जयमालाने वाचून दाखवलं. "रुग्ण कामास योग्य. कामाची जागा उपचारास अयोग्य. सोय होईपर्यंत पगारी रजा."

"म्हंजे काय?"

"म्हणजे आता तुला विचारणार नाहीत," जयमाला दाराकडे मान वळवत म्हणाली आणि उशाशी ठेवलेला तांब्या तिच्यापुढे केला. "त्यांना विचारतील. पी पाणी."